खांद्यावरचा प्लग

आधीच सांगून ठेवते, माझ्या नवऱ्याला नावं ठेवायचा हक्क फक्त माझा आहे. तो मी आजवर मनसोक्त वापरलाय आणि पुढेही वापरणार आहे. पण दुसऱ्या कुणी तो उचलला, मग ती माझ्या पोटची लेक का असेना, की माझं डोकं फिरतं.

आमचे हे सुतार. सगळे त्यांना मिस्तरी म्हणतात आणि चारचौघांत मीही तेच म्हणते. खाली कारखाना, वर घर. कारखान्याच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. सोफ्याच्या खोळी, खुर्च्यांच्या गाद्या, पडदे हे माझं खातं. मागच्या मोठ्या खोलीत लाकूड आणि भुसा. मधल्या दाराला मी कधी पडदा लावला नाही. गावाचे पडदे शिवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दाराला पडदा नाही म्हणून लोक हसतात. हसू देत. माझ्या खुर्चीतून मागचं मशीन सरळ दिसतं, आणि मला ते दिसायलाच हवं असतं.

ते मशीन म्हणजे मायटर. चौकटीचे कोपरे तिरके कापायला सुतार जी गोल पात्याची करवत वापरतात, ती. जुन्या मायटरला लांबलचक काळी वायर होती. पातं बदलायचं असो, दात्यात अडकलेली ढलपी काढायची असो, नाहीतर नुसता गुण्या लावून काटकोन बघायचा असो, मिस्तरी आधी भिंतीतला प्लग उपटायचे आणि वायर खांद्यावर टाकायचे. प्लग छातीवर लोंबत राहायचा. मगच हात पात्याजवळ. भिंतीकडे न बघताच त्यांचा हात त्या प्लगपाशी जायचा, आपला अंधारात दिव्याच्या बटणाकडे जातो ना, तसा.

तरुणपणी ते जिथे शिकले तिथे एकानं असाच प्लग काढून पात्यात हात घातला होता. दुसरा आला आणि 'हा प्लग कुणी काढला रे?' म्हणत त्यानं तो परत लावला. पुढचं मिस्तरी सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. त्या दिवसापासून प्लग त्यांच्या खांद्यावर. 'माझ्या खांद्यावर आहे तोवर ते मशीन कुणाच्या बापाचं ऐकणार नाही,' असं म्हणायचे.

मी काय कमी चिडवलं का त्यावरून! गिऱ्हाईक आलं तरी प्लग तसाच. वायर पुरेल तेवढंच पुढे यायचे आणि तिथून मान लांब करून बोलायचे. वायरीला ताण बसला की थांबायचे. मी म्हणायची, "अहो, तुम्हाला नक्की कुठल्या भिंतीत लावू? दुपारपर्यंत तुमची पण पॉवर जाते." ते म्हणायचे, "तू आपली सुई सांभाळ." त्यांच्या दोन्ही हातांना दहाच्या दहा बोटं होती. ह्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या किती माणसांची असतात, ते मोजायला गेलात तर वाईट वाटेल. म्हणून चिडवलं मी, पण काढायला कधी लावला नाही.

मग जुनं मशीन बसलं ते उठलंच नाही, आणि लेकीनं नवीन आणलं. कारखाना आता तीच बघते. गिऱ्हाइकं, मापं, माल, सगळं. बापाच्या हाताखाली शिकली, स्वभाव मात्र माझा घेतला, त्यामुळे घरात दोन वाघिणी आणि एक मिस्तरी. तिनं आणलेलं मशीन बिनवायरीचं होतं. नव्या इमारतींत वीज यायच्या आधी काम सुरू होतं, तिथे हे उचलून न्यायचं आणि बॅटरीवर चालवायचं. विचार चांगलाच होता. मिस्तरींनी मशीनभोवती एक फेरी मारली, मागे वाकून बघितलं आणि म्हणाले, "शेपूट कुठाय ह्याची?"

"बाबा, बॅटरी आहे. मागे बसते. खटका दाबला की निघते. हात लावायच्या आधी ती काढायची, झालं."

"झालं," मिस्तरी म्हणाले. चार्जर तिनं भिंतीतल्या त्याच जुन्या सॉकेटमध्ये लावला आणि शेजारच्या फळीवर ठेवला. दुसरीकडे जागा होती कुठे?

तिथेच घात झाला. पण तो दिसला मात्र नंतर.

एका दुपारी मी गादीची खोळ उलटी करत होते. सहज मागे बघितलं. मिस्तरी मशीनवर वाकले होते. खांद्यावर वायर, छातीवर प्लग. नेहमीचंच चित्र, म्हणून नजर फिरवलीही. आणि मग परत वळवली. बिनवायरीच्या मशीनची वायर त्यांच्या खांद्यावर आली कुठून?

चार्जरची. हात सवयीनं भिंतीकडे गेला, सॉकेटमध्ये जे सापडलं ते उपटलं आणि खांद्यावर टाकलं. मन निर्धास्त. आणि बॅटरी मशीनच्या पाठीवर जशीच्या तशी. मला तिचा लाल कोपरा दिसत होता. उजव्या हातानं मूठ धरून त्यांनी पातं खाली आणलं होतं, मशीन सुरू करायचा खटका त्याच बोटांखाली. डाव्या हातातल्या फडक्यानं ते पात्याच्या दात्यांवरचा डिंक पुसत होते. गाणं गुणगुणत होते वर.

ओरडायचं नाही, एवढं मला कळलं. दचकले तर उजवी मूठ आवळली जाणार. नव्या मशीनला खटक्याआधी दाबायची एक कळ असते म्हणतात. असेल. त्या घटकेला माझा कुठल्याही कळीवर भरवसा नव्हता. मी आवाज नेहमीसारखा ठेवला, जरा रडका केला, आणि म्हणाले, "अहो, सुई गेली हो माझ्या बोटात."

हा माणूस माझ्या बोटाला सुई टोचली तर अजून जागा सोडून येतो. फडकं टाकलं, मूठ सोडली, पातं वर गेलं, आणि आले धावत. खांद्यावरची वायर त्यांच्यासोबत आली. चार्जर फळीवरून पडला आणि फरशीवर फरफटत त्यांच्या मागे माझ्या दारापर्यंत आला.

"बघू कुठे," म्हणाले. मी बोट दाखवलं नाही. त्यांच्या खांद्यावरची वायर उचलून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी वायर बघितली. मागे पडलेला चार्जर बघितला. मग आपण उभे कुठे आहोत ते बघितलं, माझ्या मशीनपाशी, पुढच्या खोलीत. आजवर कधी खांद्यावर प्लग असताना ते माझ्यापर्यंत पोचले नव्हते. वायरीनं अडवायला हवं होतं, आणि अडवलं नव्हतं. त्यांना कुणी काही सांगायची गरज उरली नाही. ते खोळींच्या ढिगावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर उलटेसुलटे करून बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी बसले. मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

नेमकी तेव्हाच लेक आली. आमची तोंडं बघितली, जमिनीवरचा चार्जर बघितला, मशीनवरची बॅटरी बघितली. हुशार आहे. पांढरी फटक पडली. मग आत गेली, बॅटरी काढली आणि आपल्या पिशवीत टाकली.

"बाबा, आता पुरे," ती म्हणाली. "उद्यापासून मायटर लांब्या चालवेल."

लांब्या म्हणजे मिस्तरींचा पुतण्या. उंच आहे म्हणून लांब्या. लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, कामाला वाघ, पण घाई अशी की जेवताना पुढचा घास आधीच्या घासाला ढकलतो. मिस्तरी "नाही" म्हणाले नाहीत. तेच मला झोंबलं.

लेकीवर राग धरावा असं तिनं काही केलं नव्हतं, हे मला कळत होतं. घाबरली होती पोरगी. मी पण घाबरले होते. पण नंतर जे सुरू झालं ते मला बघवेना. मिस्तरी सकाळी खाली यायचे, कुणी दिलं तर पॉलिश पेपर घेऊन फळी घासायचे, नाही दिलं तर खिडकीपाशी बसायचे. मायटर सुरू झालं की मान तिकडे वळायची आणि परत खिडकीकडे जायची. लांब्या त्यांना 'काका, जरा सरका' म्हणाला की सरकायचे. आयुष्यभर ज्या माणसाला मी 'अहो, सरका' म्हणून थकले आणि जो कधी तसूभर हलला नाही, तो सरकत होता! मला त्याचं इतकं वाईट वाटलं की मी घरात भांडी आदळायला लागले.

"तुम्ही भांडा तरी तिच्याशी," मी त्यांना म्हणाले.

"काय भांडू? चूक माझी आहे."

"चूक तुमची आहे. म्हणून मशीन सोडायचं? मी एकदा एका गिऱ्हाइकाचा पडदा वितभर आखूड कापला, तेव्हा तुम्ही मला कात्री सोडायला सांगितलीत का?"

"पडद्याला बोटं नसतात," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मी मात्र जागीच विचार करत बसले. रागावले की मला विचार चांगला सुचतो. लेक म्हणते बाबा विसरतात. पण ते विसरले कुठे होते? त्यांचा हात तर बिनचूक भिंतीकडे गेला होता. वायर बिनचूक खांद्यावर आली होती. सगळं जसं करायचं तसं केलं होतं, फक्त भिंतीत चुकीची वस्तू होती. हाताची सवय सोन्यासारखी, आणि आम्ही त्या सवयीच्या वाटेवर चार्जर नेऊन ठेवला. मग सवय मोडायची का भिंतीतली वस्तू बदलायची?

सोफ्याच्या कामातलं जाड लाल कापड उरलं होतं. लांब्या जेवायला गेला असताना मी बॅटरीचं माप घेतलं. वर झाकण घालणारी, बॅटरी घट्ट बसेल अशी पिशवी शिवली, आणि तिला लांब पट्टा लावला, खांद्यावरून तिरपा छातीवर येईल असा. पट्ट्याला दुहेरी शिवण मारली. शिवताना डोळे दोनदा पुसावे लागले. त्याचाही मला रागच आला.

त्याच दिवसांत कारखान्यात एका नाचाच्या शाळेचं काम चालू होतं. भिंतभर आरसे, आणि प्रत्येक आरशाला चौकट. चौकटीचा कोपरा म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या कापाला पंचेचाळीसचाच काप भिडणार, मध्ये फट दिसता कामा नये. आणि लांब्याच्या कोपऱ्यांत फटी येत होत्या. कोपरा बाहेरून बंद, आतून उघडा. तो फटीत भुसा आणि गोंद भरायचा, लेक ते खरवडून काढायची आणि दोघं एकमेकांवर ओरडायची. "मशीनवर आकडा पंचेचाळीसच आहे, हवं तर येऊन बघ," असं लांब्या म्हणायचा. आकडा होताही. पण ते मशीन गाडीतून नव्या इमारतीत जाऊन आलं होतं, खड्ड्यांतून आदळत. आकड्याला काय जातं, तो लिहिलेला असतो.

आणि एक गोष्ट मी माझ्या खुर्चीतून बघितली. पात्यावर जे गार्ड असतं, पातं वर गेलं की आपोआप खाली पडून दाते झाकणारं, ते लांब्यानं तारेनं वर बांधून टाकलं होतं. कापायची पेन्सिलीची रेघ दिसत नाही म्हणे.

दुसऱ्या सकाळी तो मशीनपाशी यायच्या आत मी मागच्या खोलीत गेले. पहिल्यांदा सॉकेटमधून चार्जर काढला आणि माझ्या खोलीत, माझ्या मशीनमागे नेऊन लावला. त्या सॉकेटच्या वर, जिथे मिस्तरींचा हात जातो तिथे, एक खिळा ठोकला. मग मायटरची बॅटरी काढली. सरकवायची खाच कशी असते ते मी आधीच बघून ठेवलं होतं. बॅटरी पिशवीत घातली, झाकण लावलं आणि खिडकीपाशी जाऊन पिशवी मिस्तरींच्या खांद्यावर अडकवली.

"हे काय?" ते म्हणाले.

"तुमचा प्लग."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात हळूच छातीवरच्या पिशवीवर आला आणि तिथेच थांबला.

एवढ्यात लेक आणि लांब्या आत आले. "काकू, बॅटरी कुठाय?" लांब्यानं विचारलं. मी बोट दाखवलं. लेकीचा चेहरा आक्रसला.

"आई, नाही," ती म्हणाली. "ह्यावर बोलणं झालंय."

"तू बोललीस. मी बोलले नाही."

"उद्या त्यांचा हात गेला तर?"

"तर मी जन्मभर रडेन," मी म्हणाले. "पण आज त्यांचे दोन्ही हात शाबूत आहेत आणि तू ते मांडीवर ठेवायला लावलेस. त्याचं मी आत्ताच रडतेय, दिसत नाही तुला? त्यांना घरी बसवायचं असेल तर मी बसवेन. माझा नवरा आहे. आणि मी बसवत नाही!"

"आई, बाजूला हो."

"नाही होत."

दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या. लांब्या दाराकडे बघू लागला. तेव्हा मिस्तरी उठले. सावकाश, पण उठले. "तुमचं झालं की मला सांगा," म्हणाले, "तोवर मी ती तार कापतो." आणि पकड घेऊन मशीनकडे गेले.

लेक त्यांच्या आड आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, ठीक आहे. मशीन लावून दाखवा. चौकट कापून दाखवा. पण बॅटरी कुठे आहे हे एकदा, एकदाच, विसरलात तर परत हा विषय काढायचा नाही. दोघांनीही."

"कबूल," मिस्तरी म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही.

पण मी सुरुवात करून दिली होती, आता कुठल्या तोंडानं मागे फिरणार? दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

त्यांनी गार्डची तार कापली. पातं खाली-वर करून बघितलं. गार्ड अर्ध्यात अडकत होतं, सांध्यात भुसा बसला होता. ब्रशनं साफ केलं, परत खाली-वर केलं. खट्ट करून पूर्ण बंद झालं. "रेघ दिसत नाही म्हणून बांधतोस होय? आता गार्डच्या प्लास्टिकवरची धूळ पूस, मग सांग," ते लांब्याला म्हणाले. मग मशीन टेबलासकट हलवून बघितलं. डगमगत होतं. गाडीतून आणल्यावर लांब्यानं चारांपैकी दोनच बोल्ट आवळले होते. मिस्तरींनी चारही आवळले.

मग पातं खाली आणून खिळीनं अडकवलं आणि गुण्या घेतला. त्याची एक कड मागच्या आधारपट्टीला, ज्या पट्टीला लाकूड टेकवून कापतात तिला, आणि दुसरी पात्याच्या अंगाला. "दात्यांना टेकवू नकोस," ते लेकीला म्हणाले, जणू ती अजून त्यांच्या हाताखाली शिकत होती. "दाते पात्याहून जरा बाहेर असतात. दोन दात्यांच्या मध्ये, सपाट अंगाला." खाली वाकून त्यांनी फटीतून उजेड बघितला. उजेड एका टोकाला जाड होता. पट्टी सरकली होती. आकडा बरोबर आणि पट्टी वाकडी.

"काका, द्या ना बॅटरी, लावून ठेवतो, तुमचं होईपर्यंत," लांब्या म्हणाला आणि त्यानं खरंच पिशवीकडे हात नेला. मिस्तरींचा हात आत पात्याशी होता.

"खांद्यावर आहे," मिस्तरी म्हणाले.

"हो, पण वेळ जातोय—"

"लांब्या. खांद्यावर आहे."

किती दिवसांनी तो आवाज ऐकला मी! लांब्यानं हात मागे घेतला. लेकीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो आणखी एक पाऊल मागे गेला.

स्क्रू ढिले करून पट्टी केसभर ढकलली, परत उजेड बघितला, आवळली, आवळताना सरकली का म्हणून पुन्हा बघितलं. मग बॅटरी पिशवीतून काढून मशीनला लावली, आणि रिकामी पिशवी भिंतीवरच्या नव्या खिळ्याला अडकवली. डोळ्यांवर चष्मा. आधी सरळ काप बघायला रुंद फळी पट्टीला दाबून शिकंज्यात धरली. खटका दाबला, पातं पूर्ण वेगात येईपर्यंत थांबले, मग खाली आणलं. कापून झाल्यावर खटका सोडला आणि पातं थांबेपर्यंत खालीच धरून राहिले. लांब्या ते नेहमी फिरत असतानाच वर घेतो. दोन तुकड्यांपैकी एक उलटा केला आणि कापलेल्या कडा भिडवल्या. वाकडं असेल तर उलटल्यावर ते दुप्पट दिसतं. काही दिसलं नाही. लेकीनं तुकडे हातात घेऊन उजेडासमोर धरले आणि परत त्यांच्या हातात दिले.

मशीन पंचेचाळीसला फिरवून परत तसंच बघितलं. पहिल्यांदा थोडी फट दिसली, दुसऱ्यांदा जमलं. मग खऱ्या चौकटीची पट्टी घेतली. एक काप, दुसरा काप. आणि तिसऱ्या कापानंतर एक बारीक ढलपी पातं आणि पट्टी ह्यांच्या मधल्या खाचेत अडकली.

बॅटरी मशीनवर होती. मिस्तरींचं सगळं लक्ष त्या ढलपीवर होतं. डावा हात उठला. लेक माझ्याजवळ उभी होती, तिनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. ती ओरडणार होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मला एवढी भीती कधी वाटली नाही, आणि तरी मी हात ठेवला.

मिस्तरींचा डावा हात पात्याकडे गेलाच नाही. तो भिंतीकडे गेला. न बघता, सरळ. तिथे त्याला पिशवी सापडली. त्यांनी ती ओढून खांद्यावर टाकली, आणि टाकताच थांबले. हलकी लागली. रिकामी. खांद्याला वजन नव्हतं.

मान न उचलता त्यांनी मशीनच्या मागे हात घातला, बॅटरी सरकवून काढली, पिशवीत ठेवली, झाकण लावलं. एकदा थोपटलं. मग काडीनं ढलपी बाहेर काढली. गाणं परत सुरू झालं होतं. आम्ही दोघी श्वास घ्यायला विसरलो होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी लेकीच्या तोंडावरचा हात काढला. ती रडत होती. "ते विसरलेच होते, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "पिशवी हातात येईपर्यंत विसरले होते."

"हो," मी म्हणाले. "मग?"

तिनं डोळे पुसले. एकदा विसरले तर संपलं, ही अट तिनंच घातली होती, पण ती तिनं पुढे केली नाही.

दुपारपर्यंत पहिल्या आरशाची चौकट जुळली. मी मुद्दाम कोपऱ्यावरून नख फिरवलं, ते कुठे अडलं नाही. लांब्या प्लास्टिकचं गार्ड पुसत बसला होता, त्याला ते काम कुणी सांगितलं नव्हतं. लेक आता कापायला उभी राहिली, तिला राहवेना. कापता कापता एक तुकडा पात्यामागे गेला, आणि ही माझी शहाणी पोरगी, सकाळपासून बापावर डोळा ठेवून असलेली, बॅटरी मशीनवर असताना दोन बोटं सरळ आत घालायला निघाली.

मिस्तरींनी तिचं मनगट धरलं. बॅटरी काढली, पिशवीत घातली आणि पिशवी तिच्या गळ्यात अडकवली.

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड फिरवलं, कारण मला हसू येत होतं आणि ते तिला दिसलं असतं तर पुन्हा भांडण झालं असतं. तिनं तुकडा काढला. मग मी वरून जेवायला हाक मारली, तेव्हा सगळे हात धुऊन बसले. लेक पान पुढे ओढत होती आणि लाल पिशवी तिच्या छातीवर तशीच होती.

"काढ ती आता," मी म्हणाले. "जेवताना तरी."

"बाबा आत्ता खाली जाऊन पातं पुसणार आहेत," ती म्हणाली आणि पट्टा खांद्यावर नीट केला. "जेवून उठले की मी त्यांच्या खांद्यावर देईन."